रोग गेला, पण घास गिळेना

१९५१ मध्ये कॅनडात कोबाल्टचं मशीन आलं आणि खोलवरच्या गाठीवर रेडिएशन देता येऊ लागलं. पण तोंडा-घशाच्या कॅन्सरमध्ये शेजारच्या लाळग्रंथीही भाजून निघायच्या. रोग जायचा, तोंड कोरडं पडायचं, भाकरी गिळवायची नाही, दात किडायचे. २०११ मध्ये ब्रिटनमधल्या चाचणीनं दाखवलं, किरण नेमके वळवून लाळग्रंथी वाचवल्या तर हा कोरडेपणा कमी होतो.

आणि आपल्याकडं? २०१२ ची गुटखाबंदी कागदावर, पुड्या टपरीवर. म्हणून सांगतो, रेडिएशनआधीच दाताच्या डॉक्टरला दाखवा. नंतर दात काढावा लागला तर जबड्याचं हाड सडू शकतं. लाळग्रंथी वाचतील का, हेही विचारा. एवढं सांगणारा माणूस प्रत्येक तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नको का?