इंग्लंडमधील जुनी मिस्सा : एका निष्ठेचा इतिहास

कॅथलिक धर्मातील परंपरानिष्ठ उपासनेच्या आकर्षणाची चर्चा बहुधा लॅटिन भाषेचा मोह किंवा राजकीय पुराणमतवाद यांपाशी येऊन थांबते; इंग्लंडचा इतिहास मात्र त्या आकर्षणाचे मूळ निराळ्याच ठिकाणी दाखवतो. ख्रिस्ताच्या अखेरच्या भोजनाचे आणि क्रुसावरील बलिदानाचे स्मरण ज्या विधीने वेदीवर केले जाते, त्याला मिस्सा म्हणतात. ट्रेंट येथील धर्मपरिषदेनंतर (१५४५–६३) पोप पाचवे पायस यांनी १५७० साली मिस्सेची रोमन पद्धत एका ग्रंथात निश्चित केली, आणि दोनशे वर्षांहून जुन्या असलेल्या स्थानिक पद्धती वगळता ती पाश्चात्त्य चर्चला सर्वत्र लागू केली. या पद्धतीत धर्मगुरू आणि भाविक एकाच दिशेला, वेदीकडे तोंड करून असतात आणि मिस्सेतील मुख्य प्रार्थना धर्मगुरू जवळजवळ ऐकू न येणाऱ्या स्वरात म्हणतो. त्यामुळे शांतता हा त्या उपासनेचाच एक भाग ठरतो.

नेमक्या याच काळात इंग्लंडमध्ये मिस्सा हा गुन्हा झाला होता. १५५९ च्या कायद्याने राजमान्य प्रॉटेस्टंट प्रार्थनाग्रंथ सक्तीचा केला, १५८१ पासून मिस्सा ऐकणाऱ्यालाही दंड आणि एक वर्षाची कैद होऊ लागली, आणि १५८५ च्या कायद्याने परदेशी दीक्षा घेऊन परतलेल्या धर्मगुरूचे देशातील वास्तव्यच राजद्रोह ठरवून त्याला आसरा देणाऱ्यासही देहदंडास पात्र केले. यॉर्कमधील एका खाटकाच्या पत्नी मार्गारेट क्लिदरो यांच्यावर असा आसरा दिल्याचा आरोप आला, तेव्हा मुलांना आणि नोकरांना साक्षीसाठी ओढले जाऊ नये म्हणून त्यांनी आरोपाला उत्तर देण्यासच नकार दिला, आणि २५ मार्च १५८६ रोजी अंगावर दगडांचा भार रचून त्यांना चिरडून मारण्यात आले. निकोलस ओवेन या सुताराने श्रद्धावंतांच्या घरांतील भिंतींत आणि जिन्यांखाली धर्मगुरूंना लपवण्यासाठी चोरखोल्या बांधल्या. १६०६ साली लंडनच्या टॉवरमध्ये छळ सोसताना त्यांचा अंत झाला, परंतु त्या जागांचा पत्ता त्यांनी सांगितला नाही. राजदरबारातील संगीतकार विल्यम बर्ड यांनी १५९० च्या दशकात मिस्सेच्या तीन संगीतरचना छापल्या, त्या शीर्षकपृष्ठाशिवाय. ज्या उपासनेसाठी दोन शतकांहून अधिक काळ, म्हणजे १७९१ मध्ये ती कायदेशीर होईपर्यंत, अशी किंमत मोजावी लागली, ती पुढील पिढ्यांना आवडीनिवडीची बाब वाटणे शक्यच नव्हते.

त्याच इंग्लंडमधून बाहेर पडलेले जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात पोहोचले, आणि १६१६ साली छापल्या गेलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’तून त्यांनी ख्रिस्तकथा मराठी ओवीत सांगितली. मिस्सा लॅटिनमध्ये आणि कथा लोकांच्या भाषेत, ही विभागणी ध्यानात घेतली म्हणजे लॅटिनचा आग्रह म्हणजे लोकभाषेचा तिरस्कार, हे समीकरण किती उथळ आहे ते कळते. शिवाय रोमन पद्धत इंग्लंडलाही मुळात नवीनच होती, कारण धर्मसुधारणेपूर्वी तेथील बहुतेक भागांत सॉल्झबरीची ‘सेरम’ पद्धत चालत असे. रोमन मिस्सेला जे जुनेपण लाभले, ते केवळ वयाने नव्हे तर सोसण्याने लाभले.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली लॅटिन जपण्यास सांगून लोकभाषांनाही वाव दिला. तथापि प्रत्यक्षात लॅटिन झपाट्याने मागे पडली आणि ३० नोव्हेंबर १९६९ पासून नवा मिस्साग्रंथ अमलात आला. त्यानंतर वर्षभराच्या आतच, २५ ऑक्टोबर १९७० रोजी, पोप सहावे पॉल यांनी क्लिदरो आणि ओवेन यांच्यासह इंग्लंड व वेल्समधील चाळीस हुतात्म्यांना संतपद दिले. ज्या विधीसाठी त्या हुतात्म्यांपैकी अनेकांनी प्राण दिले तो गावोगावच्या वेदींवरून नाहीसा होत असताना हा गौरव व्हावा, यातील वेदना तेथील साध्या भाविकांना तीव्रतेने जाणवली, आणि तिला निव्वळ हळवेपणा म्हणणे अन्यायाचे होते. १९७१ साली ‘द टाइम्स’मध्ये या विधीच्या रक्षणासाठी आवाहन प्रसिद्ध झाले, त्यावर सह्या करणाऱ्यांत अँग्लिकन लेखिका अगाथा ख्रिस्ती आणि ज्यू व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन यांच्यासारखे कॅथलिकेतरही होते. कार्डिनल हीनन यांच्या विनंतीवरून पोपनी इंग्लंड व वेल्सपुरती विशेष प्रसंगी जुन्या मिस्सेची सवलत दिली, आणि ती अगाथा ख्रिस्ती यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली.

पुढे १९८४ साली अशीच मर्यादित सवलत जगभर मिळाली, २००७ साली पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी ती व्यापक केली आणि २०२१ साली पोप फ्रान्सिस यांनी, चर्चच्या ऐक्याला बाधा येते या चिंतेपोटी, ती पुन्हा आवळली. ही चिंता निराधार नव्हती, कारण जुन्या मिस्सेचे पुरस्कर्ते आर्चबिशप लफेव्र यांनी १९८८ साली पोपच्या संमतीविना चार बिशपांना दीक्षा दिल्याने फूट खरोखरच पडली होती. परंतु जुन्या मिस्सेकडे वळणाऱ्या बहुतेकांना बंड नको असते. आपण घडवलेली नव्हे, तर आपल्याला सोपवली गेलेली उपासना त्यांना हवी असते, आणि १९६९ नंतर जन्मलेले तरुणही तिच्याकडे ओढले जातात याचा उलगडा स्मरणरंजनाने होत नाही. छळाच्या काळात कॅथलिक श्रद्धा टिकवून धरणाऱ्या लँकेशायर परगण्यात, प्रेस्टन येथील उंच शिखराचे सेंट वॉलबर्ग चर्च २०१४ साली जुनी मिस्सा करणाऱ्या धर्मगुरूंच्या संस्थेकडे सोपवण्यात आले, आणि तेथे ती लॅटिन मिस्सा आजही होते.