टेम्स क्लब : चार वर्षांचें एक आयुष्य



फुटबॉलच्या इतिहासांत विजयी क्लबांवर ग्रंथ निघतात. बुडालेल्या क्लबाच्या वांट्याला मात्र बहुधा एखाद्या जुन्या कोष्टकाच्या तळाची एक ओळ येते. आज मी अशाच एका ओळीविषयीं बोलणार आहें. ती आहे लंडनच्या टेम्स असोसिएशन फुटबॉल क्लबाची. जन्म १९२८, अंत १९३२. इंग्लंडच्या फुटबॉल लीगच्या तिसऱ्या वर्गाच्या दक्षिण विभागांत, म्हणजे लीगच्या सर्वांत खालच्या पायरीवर, या क्लबानें दोन हंगाम काढले, ८४ सामने खेळले आणि तो नाहींसा झाला.

ही हकीकत ज्या भागांत घडली तो लंडनच्या पूर्वेस, टेम्स नदीच्या उत्तर तीरावर आहे. तेथें तीन प्रचंड गोद्या होत्या. व्हिक्टोरिया १८५५ मधली, अल्बर्ट १८८० मधली आणि पंचम जॉर्ज १९२१ मधली. त्यांना लागूनच कस्टम हाउस ही कामकऱ्यांची वस्ती. आपल्या कोंकणांतील खलाशी पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवरून याच अल्बर्ट गोदींत जाऊन लागत. तेव्हां रत्नागिरीकडच्या कित्येक घरांना हा मुलूख अगदींच परका म्हणतां येणार नाहीं. गोदींतल्या मजुराचें जिणें मोठें अनिश्चित असे. सकाळीं व पुन्हा दुपारीं दाराशीं जाऊन उभें राहावयाचें आणि मुकादम ज्याच्याकडे बोट दाखवील त्याला अर्ध्या दिवसाचें काम. बाकीच्यांनीं घरीं परतावयाचें.

या वस्तींत फुटबॉलची आवड नव्हती असें कोणी समजूं नये. तेथून दोन मैलांच्या आंत वेस्ट हॅम युनायटेड या नामांकित क्लबाचें मैदान होतें. त्या क्लबाचें मूळ पाहण्यासारखें आहे. टेम्स आयर्नवर्क्स नांवाच्या जहाजें बांधणाऱ्या कारखान्यांतील कामगारांसाठीं १८९५ सालीं मालक आर्नोल्ड हिल्स यांनीं एक क्लब काढला. १९०० सालीं त्याचेंच वेस्ट हॅम युनायटेड झालें. पुढें १९१२ सालीं तो कारखाना बंद पडला, जहाजबांधणी गेली, परंतु क्लब राहिला. कारण तोंवर त्यावर कारखान्यापेक्षां वस्तीचा हक्क अधिक झाला होता. नांवांतील साम्यामुळें आपला टेम्स क्लब या घराण्यांतला वाटेल, पण त्याचा त्याच्याशीं कांहीं संबंध नव्हता.

त्याचें कुळ निराळें होतें. १९२६ सालीं मँचेस्टर येथें विजेवर पळणाऱ्या कृत्रिम सशामागें ग्रेहाउंड कुत्रीं सोडून शर्यती लावण्याचा खेळ सुरू झाला आणि दोन वर्षांच्या आंत त्याचें लोण इंग्लंडभर पसरलें. कामकऱ्याला हा खेळ फार सोयीचा होता. तो संध्याकाळीं दिव्यांच्या उजेडांत चाले, घराजवळ असे आणि तेथें उघडपणें पैज लावतां येई. गल्लींत पैज लावणें हा त्या काळीं गुन्हा होता. हा वारा ओळखून १९२८ सालीं कस्टम हाउस येथें एक विराट क्रीडांगण उभारण्यांत आलें. आराखडा आर्चिबाल्ड लीच यांचा. ब्रिटनमधील कितीतरी फुटबॉल मैदानांचे सज्जे याच गृहस्थांच्या हातचे. या क्रीडांगणांत एक लाख वीस हजार माणूस मावेल असें सांगण्यांत येई. नांव ठेविलें वेस्ट हॅम स्टेडियम, आणि वेस्ट हॅम युनायटेड मात्र तेथें खेळत नव्हतें! कुत्र्यांच्या शर्यती झाल्या, मोटारसायकलींच्या शर्यती झाल्या, तरी शनिवारच्या दुपारा रिकाम्या राहत. एवढें भांडवल ओतलेली जागा रिकामी ठेवणें व्यापारी मंडळींच्या जिवावर येणें साहजिक आहे. क्लब निघतो, मग त्याला मैदान लागतें, हा नेहमींचा क्रम. येथें मैदान आधीं झालें आणि त्याच्या रिकाम्या शनिवारांसाठीं क्लब काढण्यांत आला.

तरीहि आरंभ कांहीं वाईट झाला नाहीं. सदर्न लीगच्या पूर्व विभागांत दोन हंगाम खेळून क्लबानें बरें नांव मिळविलें. फुटबॉल लीगचा नियम असा होता कीं, तिसऱ्या वर्गाच्या प्रत्येक विभागांत तळाशीं राहिलेल्या दोन क्लबांनीं हंगामाच्या अखेरीस पुन्हा निवडणुकीस उभें राहावयाचें आणि बाहेरच्या उमेदवारांनींहि अर्ज करावयाचे. १९३० सालीं दक्षिण विभागाच्या तळाशीं वेल्समधील मर्थर टाउन हा क्लब होता. त्याच्यावर त्या हंगामांत १३५ गोल झाले होते. त्याला काढून टेम्सला घेण्यांत आलें. ऑल्डरशॉटचाहि अर्ज होता, तो मागें पडला. मत देणाऱ्यांना दोष देणें कठीण आहे. एकीकडे लोखंड व कोळशाचे धंदे बसल्यामुळें बेकारीनें पोखरलेलें, दूरच्या खोऱ्यांतलें गांव. दुसरीकडे राजधानींतलें कोरें करकरीत क्रीडांगण आणि पाठीशीं पैसेवाले लोक. तरी माझ्या मतें त्यांनीं बैठकींची संख्या मोजली, माणसें मोजलीं नाहींत.

माणसें किती, तें लवकरच दिसून आलें. शनिवार, ता. ६ डिसेंबर १९३० रोजीं टेम्सचा ल्यूटन टाउनशीं सामना झाला. त्या दिवशीं क्रीडांगणांत ४६९ प्रेक्षक होते. शांततेच्या काळांतील शनिवारच्या लीग-सामन्यांतील नीचांक म्हणून हा आकडा फुटबॉलच्या बखरींत अजून सांगितला जातो. सुमारें २५५ जागांमागें एक माणूस! साठ बांकांच्या वर्गांत सहा मुलें बसलीं म्हणजे मास्तरांना स्वतःच्याच आवाजाची भीति वाटूं लागते, हें मी अनुभवानें सांगूं शकतों. त्या बावीस खेळाडूंचें काय झालें असेल? त्यांत मैदान व सज्जे यांच्यामध्यें शर्यतींचे मार्ग. आलेल्या चारशेंजणांचा आरडाओरडाहि खेळाडूंपर्यंत धड पोहोंचण्याजोगा नव्हता.

थोडा हिशेब करूं. प्रवेश कमींत कमी एक शिलिंग. सर्वांनीं तेवढाच दिला असें धरलें तर ४६९ शिलिंग, म्हणजे २३ पौंड ९ शिलिंग. त्या काळीं खेळाडूच्या वेतनाला मर्यादा होती. हंगामांत आठवड्यास ८ पौंड, उन्हाळ्यांत ६ पौंड. टेम्सनें सर्वांना पुरी रक्कम दिली असेलच असें नाहीं, परंतु अकराजणांना ती द्यावयाची म्हटली तर ८८ पौंड होतात. घरचा सामना एका आठवड्याआड. शिवाय प्रवासखर्च, पाहुण्या संघाचा वांटा आणि राखीव खेळाडू निराळेच.

प्रेक्षक कां आले नाहींत? शनिवारीं वेस्ट हॅम युनायटेड पहिल्या वर्गांत खेळत होतें. नदीपलीकडे मिलवॉल व चार्लटन दुसऱ्या वर्गांत होते. तिसऱ्याच वर्गाचा खेळ पाहावयाचा तर क्लॅप्टन ओरिएंट हा जुना क्लब होता, आणि तोहि हलाखींतच होता. त्याच हिवाळ्यांत ओरिएंटनें आपले दोन सामने वेम्ब्लीच्या जगप्रसिद्ध क्रीडांगणावर नेऊन पाहिले. दुसऱ्याला दोन हजारहि माणूस जमलें नाहीं. खिशांत एकच शिलिंग, आणि सोमवारीं मुकादम निवडील कीं नाहीं याची चिंता, अशा माणसानें तो शिलिंग बापानें दाखविलेल्या मैदानावर खर्च केला यांत नवल तें काय?

पहिल्या हंगामांत टेम्सचा क्रमांक २२ संघांत विसावा लागला. पुढच्या वर्षीं चालकांनीं मोठ्या नांवाचा आधार घेतला. टॉटनहॅमचे जिमी डिमॉक यांना त्यांनीं आणलें. १९२१ च्या कप-अंतिम सामन्यांत सुमारें ७३,००० लोकांसमोर वुल्व्हरहॅम्प्टनवर एकमेव गोल करून कप जिंकून देणारे डिमॉक तेव्हां वीस वर्षांचे होते. आतां तिशीला आलेले हे वीर कस्टम हाउसच्या ओसाड सज्ज्यांपुढें धांवूं लागले. या गोष्टीचें मला सर्वांत अधिक वाईट वाटतें. चालकांचा पैसा बुडाला तो धंद्यांत बुडाला. खेळाडूच्या पायांतलीं वर्षें मात्र मोजकींच असतात.

१९३१-३२ च्या हंगामांत टेम्सनें ७ सामने जिंकले, ९ बरोबरींत सोडविले, २६ गमावले. २३ गुण घेऊन संघ तळाशीं राहिला. आतां पुन्हा निवडणुकीस उभें राहावयाचें होतें. क्लबानें अर्जच केला नाहीं, आणि त्या उन्हाळ्यांत तो विसर्जित झाला. देशांत तेव्हां सुमारें साडेसत्तावीस लाख लोक बेकार होते. त्यांत टेम्सच्या खेळाडूंची भर पडली. डिमॉक यांना क्लॅप्टन ओरिएंटनें जागा दिली. सर्वांचें दैव तसें नव्हतें. योगायोग असा कीं, त्याच वसंतांत वेस्ट हॅम युनायटेडहि पहिल्या वर्गाच्या तळाशीं जाऊन दुसऱ्या वर्गांत उतरलें. पण तें खेळत राहिलें आणि लोक जात राहिले.

टेम्सची रिकामी जागा दोन वर्षांपूर्वीं मागें पडलेल्या ऑल्डरशॉटला मिळाली. तो क्लब लीगमध्यें साठ वर्षें टिकला. १९९२ सालीं त्याचेंहि दिवाळें निघालें, तेव्हां त्याच्या चाहत्यांनीं त्याच वर्षीं ऑल्डरशॉट टाउन या नांवानें खालच्या पायरीवरून नवा डाव मांडला. टेम्ससाठीं १९३२ सालीं असें करणारें कोणी पुढें आलें नाहीं.

क्रीडांगण मात्र चाळीस वर्षें भरभराटींत होतें. १९३३ सालीं तेथें मोटारसायकलींच्या शर्यतीला ८२,४०० प्रेक्षक जमल्याची नोंद आहे. १९३६ च्या सुमारास बेसबॉलचा एक संघहि तेथें वसवून पाहण्यांत आला. तोहि टिकला नाहीं. १९७२ सालीं क्रीडांगण पाडण्यांत आलें व त्या जागीं घरें बांधलीं गेलीं. तेथील रस्त्यांना शर्यतीं गाजविणाऱ्यांचीं नांवें दिलेलीं आहेत : जॉनी हॉस्किन्स, ब्लुई विल्किन्सन, जॅक यंग.