बदली पिचर आणि विजयाचे श्रेय

खेळातील विजय संघाचा असतो. परंतु तो एका खेळाडूच्या नावे लिहावा की नाही, हे प्रत्येक खेळाची नोंदवही आपापल्या रीतीने ठरविते. क्रिकेटमध्ये गोलंदाजाच्या नावे बळी जमा होतात, विजय नव्हे. बेसबॉलमध्ये मात्र सामन्याचा विजय एका पिचरच्या, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूच्या, नावे चढतो.

ही प्रथा जुनी असली तरी तिला लिखित नियमाचे स्वरूप १९५० मध्ये आले. संघाने शेवटपर्यंत टिकलेली आघाडी घेतली त्या वेळी जो पिचर खेळत असेल, तो विजयी. आरंभीच्या पिचरला मात्र सामान्यतः पाच डावांची अट आहे. ती अपुरी राहिल्यास सर्वांत परिणामकारक बदली पिचर कोण, हे अधिकृत गुणलेखक ठरवितो. या नियमामुळे, हाती आलेली आघाडी स्वतः गमावणारा बदली पिचरही, सहकाऱ्यांनी पुढे धावा केल्यास, विजयी ठरू शकतो. १९५९ मध्ये पिट्सबर्गचा एल्‌रॉय फेस बदली पिचर म्हणूनच खेळून १८ विजय आणि एक पराभव अशी नोंद करून गेला. अशा आकड्यांतून खरी कामगिरी कळत नाही, असे पाहून शिकागोचे क्रीडापत्रकार जेरोम होल्ट्झमन यांनी आघाडी राखणाऱ्या पिचरसाठी ‘सेव्ह’ ही स्वतंत्र नोंद सुचविली. १९६९ मध्ये ती अधिकृत झाली.

हाच प्रश्न फाशांच्या बेसबॉलमध्येही उद्भवतो. अमेरिकेत १९५१ मध्ये ‘ॲप्बा’ आणि १९६१ मध्ये ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ हे खेळ विक्रीस आले. त्यांत खऱ्या खेळाडूंच्या वार्षिक कामगिरीवरून पत्ते तयार केलेले असतात. ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’मध्ये एका फाशावर १ ते ३ पडल्यास फलंदाजाचा पत्ता वाचावयाचा, ४ ते ६ पडल्यास पिचरचा. पिचरचा वाटा असा निम्मा धरलेला आहे. तथापि तीन बदली पिचरांपैकी अधिक परिणामकारक कोण, हे फासा सांगत नाही. तेथे खेळणाऱ्यालाच गुणलेखक व्हावे लागते.

महाराष्ट्रात याचे सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे शाळकरी मुलांचे ‘बुक क्रिकेट’. मुंबईतील शाळांत काय किंवा वसईजवळच्या गोखिवऱ्यासारख्या गावांत काय, त्यासाठी पाठ्यपुस्तकाखेरीज काही लागत नाही. पुस्तक उघडावयाचे, पृष्ठांकाचा शेवटचा अंक म्हणजे धावा, आणि शून्य आले की फलंदाज बाद. डावीकडचा सम पृष्ठांक धरल्यास पाच अंकच संभवतात. म्हणून बाद होण्याची शक्यता पाचांत एक, मग फलंदाज कोणीही असो. येथे गोलंदाजच नाही. तेव्हा बदली गोलंदाज नाही आणि त्याच्या श्रेयाचा वादही नाही.

‘श्रेय’ हा शब्द संस्कृत ‘श्रेयस्’ वरून आला. त्याचे मूळ रूप तुलनावाचक, ‘अधिक चांगले’ या अर्थाचे आहे. मराठीत तो ‘कर्तृत्वाचा मान’ या अर्थी रूढ झाला, तरी त्यातील तुलना गेलेली नाही. बेसबॉलच्या नियमाने ती तुलना बहुतेक ठिकाणी क्षणावर सोपविली: आघाडी कोणाच्या वेळी मिळाली, एवढेच पाहिले. जेथे हे माप अपुरे पडले, तेथे त्यालाही माणसाचा निर्णय मागावा लागला. जुन्या नोंदवह्यांतील विजयांचे आकडे वाचताना अभ्यासकाने हा भेद लक्षात ठेवणे अवश्य आहे.