आरशाकडून खिडकीकडे

लंडनमध्ये वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने धावतात. त्यामुळे डावीकडे वळणारी लॉरी आणि तिच्या डाव्या अंगाला थांबलेला सायकलस्वार, ही तिथल्या चौकांतली जीवघेणी गाठ. चालक उजवीकडे उंचावर बसतो, खालचा सायकलस्वार त्याला दिसत नाही, आणि मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आतून वळतात. या अपघातांवरच्या उपायांचा इतिहास पाहिला, तर जबाबदारी हळूहळू माणसाच्या सावधपणाकडून वाहनाच्या रचनेकडे सरकलेली दिसते. १ सप्टेंबर २०१५ पासून ३.५ टनांवरील वाहनांना बाजूचे संरक्षक कठडे आणि जादा आरसे सक्तीचे झाले. पण आरसे वाढले तशी चालकाच्या नजरेची ओढाताणही वाढली. म्हणून पुढचा नियम थेट खिडकीतून किती दिसते, ते मोजू लागला. त्यानुसार १२ टनांवरील लॉरींना शून्य ते पाच तारे मिळू लागले आणि मार्च २०२१ पासून या ताऱ्यांवर आधारलेल्या, लंडनमध्ये धावण्याच्या परवान्याची अंमलबजावणी सुरू झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये किमान तीन तारे, नाहीतर सेन्सर-कॅमेऱ्यांची सुधारित यंत्रणा, अशी अट आली.

सायकलस्वारच बेफिकिरीने डावीकडून घुसतात, हा आक्षेप अगदीच खोटा नाही. मात्र काही ठिकाणी सायकलींसाठी आखलेली मार्गिकाच त्यांना तिथे नेत असे. वाहनांतल्या या बदलांच्या खर्चाचा मुद्दाही खरा. पण तो खर्च एकदाच करावा लागतो, सावधपणा मात्र रोज, प्रत्येक वळणावर बाळगावा लागतो. माणूस चुकणारच, हे धरून केलेली रचनाच टिकते.