पोमँडर

पोमँडर म्हणजे सुगंधी द्रव्यांची गोळी आणि ती ठेवण्यासाठी घडवलेली सोन्याची, चांदीची, हस्तिदंताची किंवा लाकडाची जाळीदार डबी. ही डबी साखळीने गळ्यात घालत किंवा कमरपट्ट्याला लटकवत. तिचे नाव जुन्या फ्रेंचमधून आले असून ते अंबर या द्रव्यावरून पडले आहे. युरोपात तेराव्या शतकाच्या मध्यापासून सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ती वापरात होती. संग्रहालयांत ती आज दागिन्यांच्या दालनात मांडलेली असते, त्यामुळे तिचे मूळ काम नजरेआड होते. पोमँडर हे आधी औषध होते. सोनाराचा हात त्याला नंतर लागला.

रोग दूषित हवेतून पसरतो, हे मत ग्रीक वैद्यकापासून चालत आले होते. कुजके मांस, तुंबलेली गटारे, दलदल यांची दुर्गंधी शरीरात शिरून रोग उपजवते, तेव्हा नाकाशी सुवास असला की विषारी हवेला वाट मिळत नाही, असा त्यामागचा विचार. १३४७ ते १३५१ या काळात प्लेगने युरोपातली सुमारे एक तृतीयांश किंवा त्याहूनही अधिक माणसे नेली. ऑक्टोबर १३४८ मध्ये पॅरिसच्या वैद्यक विद्याशाखेने राजा सहावा फिलिप याला जो अहवाल दिला, त्यात १३४५ सालची शनी, गुरू व मंगळ यांची युती आणि तिच्यामुळे नासलेली हवा हेच कारण सांगितले होते. त्यामुळे सुगंध जवळ बाळगणे हा वैद्यमान्य उपाय ठरला. त्या काळच्या वैद्यांना यावरून अडाणी म्हणणे अन्यायाचे होईल. घाण असते तिथे रोग असतो, एवढे त्यांनी नीट पाहिले होते. मधला दुवा मात्र त्यांना दिसत नव्हता.

गोळीच्या कृती सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या घरगुती वह्यांत आणि औषधांच्या पुस्तकांत भरपूर आढळतात. ऊद, शिलारस आणि लॅब्डेनम हे राळेसारखे पदार्थ गरम खलात मऊ करायचे, त्यांत लवंग, दालचिनी, जायफळ यांची वस्त्रगाळ पूड घालायची, गुलाबपाण्यात भिजवलेल्या डिंकाने सगळे मळायचे आणि शेवटी अंबर, कस्तुरी व जवादी अगदी थोड्या प्रमाणात मिसळून गोळी वळायची. ओल्या गोळ्यांना भोके पाडून वाळवले की माळेचे मणी होत. मसाल्यांचा वास लवकर उडतो. राळ आणि प्राणिज द्रव्ये मात्र सावकाश उडतात आणि त्या वासालाही धरून ठेवतात. त्यातच अंगाच्या उबेने गोळी हळूहळू दरवळत राहते. दागिना अंगावरच घालण्याला असे व्यावहारिक कारणही होते.

ही द्रव्ये फार लांबून येत. कस्तुरी तिबेट व हिमालयाच्या पट्ट्यातून, लवंग मोलुक्का बेटांतून, ऊद सुमात्रा व सयामकडून येई, आणि अंबराचा मोठा भाग हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवर सापडे. अंबर स्पर्म व्हेलच्या आतड्यात, माकुळाच्या न पचलेल्या चोचींभोवती तयार होते. कोकणात याच पदार्थाला ‘व्हेलची उलटी’ म्हणतात. स्पर्म व्हेलला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असल्याने भारतात अंबर बाळगणे वा विकणे गुन्हा आहे, आणि त्याच्या तस्करीतील अटकांच्या बातम्या महाराष्ट्रातील वृत्तपत्रांत वरचेवर येतात.

साध्या पोमँडरमध्ये दोन अर्धगोल बिजागरीने जोडलेले असत आणि जाळीतून वास बाहेर पडे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विशेषतः जर्मन कारागिरांच्या हातून, कप्प्यांचे पोमँडर आले. वरचे मळसूत्र किंवा कडी सोडली की मधल्या खांबाभोवतीच्या पाकळ्या सोललेल्या संत्र्यासारख्या खाली उघडतात. प्रत्येक पाकळी पोकळ असते, तिला सरकते झाकण असते आणि झाकणावर आतल्या द्रव्याचे नाव कोरलेले असते. पाकळ्या बहुधा चार ते आठ असत. कवटी, गोगलगाय, जहाज अशा आकारांतही पोमँडर घडवले गेले; कवटीत मरणाची आठवण आणि मरणावरचा उपाय एकत्र नांदत. जर्मनीतील फोर्त्सहाइम येथील अलंकार संग्रहालयात असे अनेक नमुने आहेत.

ज्यांना धातूची डबी नको असे, ते साधा मार्ग पत्करत. इंग्लंडचा कार्डिनल वुल्झी गर्दीत जाताना गर काढलेले संत्रे हाती धरी; त्यात व्हिनेगर व इतर औषधी द्रव्यांत भिजवलेला स्पंज असे. त्याचा सेवक जॉर्ज कॅव्हेंडिश याने हे चरित्रात नोंदवले आहे. स्कॉटलंडची राणी मेरी हिच्या गळ्यात ८ फेब्रुवारी १५८७ रोजी, शिरच्छेदाच्या दिवशी, पोमँडरची माळ असल्याचे समकालीन वृत्तांत सांगतात. तिच्याशी जोडल्या गेलेल्या माळेचे सोन्याचे जाळीदार मणी एडिंबरोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत.

या डबीचा एक उपयोग सुगंधाशी संबंधित नव्हता. सुरुवातीच्या अंगावर बाळगायच्या घड्याळांना आयते कवच मिळाले ते पोमँडरचे. १५२४ साली न्यूरेंबर्ग शहराच्या हिशेबात घड्याळजी पेटर हेनलाइन याला घड्याळ बसवलेल्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या कस्तुरीगोलासाठी (म्हणजे पोमँडरसाठी) १५ फ्लोरिन दिल्याची नोंद आहे. धर्मसुधारक फिलिप मेलांख्थोन याच्या नावाचे १५३० सालचे गोल घड्याळ बाल्टिमोरच्या वॉल्टर्स कला संग्रहालयात पाहायला मिळते.

पोमँडरचा अगदी जवळचा नातेवाईक गोव्यात तयार झाला. सतराव्या शतकात तेथील जेझुइट, विशेषतः फ्लॉरेन्सहून आलेला बंधू गास्पार आंतोनियो, बेझोअर (प्राण्याच्या पोटात बनणारा खडा), कस्तुरी, अंबर, शिंपले आणि रत्नांचा चुरा एकत्र वळून त्यावर सोन्याचा वर्ख चढवत. हे ‘गोव्याचे दगड’ विषावर व तापावर उतारा म्हणून खरवडून पेयातून घेत. दगडाच्या किमतीला साजेशी सोन्याची कोरीव गोल डबी त्याला मिळे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील नमुन्यावर वेलबुट्टीत गुंफलेले खरे व काल्पनिक प्राणी आहेत. खुद्द भारतात मात्र सुगंध डबीत कोंडून गळ्यात घालण्याचा प्रघात विशेष रुजला नाही. अत्तराचा फाया कानात, गजरा केसांत, चंदनाच्या मण्यांची माळ थेट अंगावर, अशी इथली रीत राहिली.

अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात पोमँडरची जागा व्हिनेग्रेट या चपट्या चांदीच्या डबीने घेतली. बर्मिंगहॅम हे तिचे मोठे केंद्र होते. सुवासिक व्हिनेगरमध्ये भिजवलेला स्पंज जाळीखाली बसे, आणि आम्लाने चांदी खराब होऊ नये म्हणून आतून सोन्याचा मुलामा दिलेला असे. तेथील कारागीर मॅथ्यू लिनवुडने १८०५ साली केलेल्या काही डब्यांच्या जाळीवर नौसेनापती नेल्सनचे जहाज ‘व्हिक्टरी’ कोरलेले आहे.

एकोणिसाव्या शतकात या वस्तूंचे वैद्यकीय प्रयोजन संपले. १८५८ च्या उन्हाळ्यातील टेम्सच्या दुर्गंधीनंतर लंडनला बंदिस्त गटारे मिळाली, जंतुसिद्धांत स्थिरावला, १८९४ साली हाँगकाँगमध्ये प्लेगचा जंतू सापडला आणि १८९८ साली पॉल-लुई सिमाँ याने कराचीत केलेल्या प्रयोगातून पिसवांचा वाटा उघड झाला. पुढे सुगंध राहिला तो केवळ आवडीसाठी. आजच्या सुगंधी लॉकेटांत फेल्टचा तुकडा किंवा सच्छिद्र लाव्हाचा मणी असतो आणि त्यावर तेलाचे थेंब सोडतात; कस्तुरी व अंबराच्या जागी प्रयोगशाळेत तयार केलेली द्रव्ये आली आहेत. नाताळात लवंगा टोचून वाळवलेल्या संत्र्यालाही इंग्लंडमध्ये पोमँडर हेच नाव आहे.