मुंबई, १९५२ : एका बॅटीपलीकडे

फेब्रुवारी १९५२ मध्ये जागतिक टेबल टेनिस स्पर्धा मुंबईत भरली, आशियात प्रथमच. जपानही तीत प्रथमच उतरला होता. सॅन फ्रान्सिस्को करार अमलात यायला तेव्हा सुमारे अडीच महिने अवकाश होता, म्हणजे हे खेळाडू आले ते अजून परकीय अमलाखाली असलेल्या देशातून.

या वर्षाची हकीकत सहसा हिरोजी सातो यांच्या बॅटीपाशी थांबते. लाकडी फळीवर जाड स्पंज. तोवरचा खेळाडू डोळ्यांइतकाच कानांनी खेळे. दाणेदार रबरावर आपटणाऱ्या चेंडूच्या आवाजावरून फटक्याचा जोर त्याला ताडता येई. स्पंजाने तो आवाजच गिळला. अंतिम फेरीत सातो यांनी हंगेरीच्या योझेफ कोच्यान यांना हरवले, आणि बॅटीच्या न्याय्यतेचा वाद पेटला. तत्कालीन नियमांत तिला मनाई नव्हती, हे मात्र सांगायचे राहून जाते. नुसत्या स्पंजावर बंदी आली ती १९५९ साली.

मला ही हकीकत अपुरी वाटते. एकूण सात विजेतेपदांपैकी चार जपानने मिळवली. सातो यांचे त्यांत एकच. ज्या पुरुष सांघिक स्पर्धेत ते खेळले, तो करंडक हंगेरीने नेला. म्हणजे स्पंज काही अजिंक्य नव्हता. पुरुष दुहेरी फुजी आणि हायाशी यांनी जिंकली. महिला दुहेरी आणि महिलांचा सांघिक करंडक, ही दोन्ही विजेतेपदे शिझुकी नाराहारा आणि तोमिए निशिमुरा या दोघींची.