थंडी, लुगडे आणि लेगिंग

महाराष्ट्रातील वस्त्रांविषयी ज्यांनी ज्यांनी लिहिले, त्यांची लेखणी पैठणीच्या पदरावरील मोरांपाशी, इरकलीच्या काठापाशी किंवा पेशवाई पागोट्याच्या पेचांपाशी मनसोक्त रमली. परंतु पौषातील पहाटे, अंगणात सडा घालण्यासाठी दार उघडून बाहेर पडणाऱ्या वृद्ध स्त्रीच्या गुडघ्याखाली थंडीपासून रक्षण करणारे असे काय असे, हा साधा प्रश्न त्यांपैकी फार थोड्यांना पडला. आपला हिवाळा अल्पायुषी आहे, पण तो लटका नाही. निफाडच्या परिसरात द्राक्षबागा वाचविण्यासाठी पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात, महाबळेश्वरी वेण्णा तलावाच्या काठी दवाचे हिमकण होतात, आणि विदर्भात उत्तरेचे वारे एकदा सुरू झाले की नागपूरकरांच्या कपाटांतील सगळी लोकरी वस्त्रे बाहेर येतात. अशा दिवसांत साठी-सत्तरी ओलांडलेल्या स्त्रिया पायांना चापून बसणारी लेगिंग घालून सकाळी बागेत फिरताना आज दिसतात, आणि 'या वयास हे शोभते काय?' अशी कुजबुज त्यांच्या पाठीमागे, क्वचित त्यांच्या घरातूनही, ऐकू येते. या कुजबुजीस जे उत्तर द्यावयाचे, ते आपल्या पेहरावाच्या इतिहासातूनच द्यावे असे मला वाटते. कारण स्त्रीच्या पायांना थंडी वाजते ही गोष्टच आपल्या रूढीने दीर्घकाळ हिशेबात धरलेली नव्हती.

नऊवारी लुगड्यापासून आरंभ करणे प्राप्त आहे. नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर लांबीचे, सुईचा एकही टाका नसलेले हे वस्त्र. त्याच्या निऱ्या पुढे खोचून मधला भाग दोन्ही पायांमधून मागे नेला आणि कमरेशी खोवला, की जो कासोटा तयार होतो, त्याने दोन्ही पाय एकमेकांपासून स्वतंत्र होतात. भाताच्या खाचरात वाकून लावणी करणारी, डोंगर चढून मोळी आणणारी, गुडघ्यापर्यंत लुगडे आवळून बंदरावर मासळीची पाटी उचलणारी कोळीण, या सर्वजणी ज्या चपळाईने वावरत आल्या, तिचे पुष्कळसे श्रेय या कासोट्याकडे जाते. स्त्रीने दुभंगलेले अधोवस्त्र नेसणे ही कोणी परमुलखातून आणलेली नवलाई आहे असे मानणाऱ्यांनी आपल्या आजीचे, पणजीचे छायाचित्र एकवार नीट न्याहाळावे. गुजरातेत, बंगालात किंवा उत्तरेच्या पुष्कळ भागांत जी मोकळीक स्त्रीच्या नेहमीच्या नेसणीत नव्हती, ती मराठी स्त्रीला पिढ्यान्‌पिढ्या होती, आणि तीही कोणत्याही वयाची अट न घालता होती. सत्तर वर्षांच्या म्हातारीचा कासोटा सतरा वर्षांच्या मुलीच्या कासोट्याहून निराळा नसे.

परंतु याच नेसणीत एक उणीव होती आणि ती थंडीत जाणवे. कासोटा मागे ओढला जातो, त्यामुळे पोटरीचा भाग उघडा राहतो, आणि जी जितकी कामकरी, तिचे लुगडे तितके वर खोचलेले. पुरुषांकरिता हिवाळ्याची तजवीज होती: बंडी होती, बाराबंदी होती, कानटोपी होती, खांद्यावर घोंगडी होती, आणि ऐपत असेल त्याच्या पायांत मोजेही होते. स्त्रीच्या वाट्याला पदर आला, फार तर पदरावरून शाल आली. म्हणजे ऊब जी काय मिळाली ती कमरेच्या वरच्या अंगास मिळाली. पायांत जोडा घालून स्त्रीने रस्त्याने चालणे हेदेखील एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत शहरांतून टवाळीचा विषय होत असे, तेथे मोज्यांची कथा कशाला? तिला चुलीजवळची जागा असे आणि रात्री गोधडी असे. पण चूल पेटण्यापूर्वीची आणि गोधडी सोडल्यानंतरची जी वेळ, ती सर्वांत थंड, आणि नेमक्या त्याच वेळी पाणी भरणे, सडासारवण करणे, गोठा झाडणे ही कामे तिच्याकडे असत.

ब्राह्मणी घरांतील सोवळ्याने तर या कष्टांत भर घातली. स्वयंपाक सोवळ्यात व्हावयाचा आणि तो बहुधा घरातील वडीलधाऱ्या, अनेकदा विधवा, स्त्रीकडे असावयाचा. केशवपन झालेली, चोळीचा अधिकार गमावलेली, लाल आलवण नेसलेली ही स्त्री पहाटे थंड पाण्याने स्नान करून ओलेत्याने पाणी आणी, आणि आधल्या दिवशी कोणाचा स्पर्श होणार नाही अशा उंच वलणीवर वाळत घातलेले वस्त्र काठीने काढून नेसे. ज्या वयात अस्थींवरील मांस झडते, त्वचा पातळ होते, रक्ताचा वेग मंदावतो आणि हातापायांना गारठा प्रथम झोंबतो, त्याच वयाच्या देहाला या रूढीने सर्वांत कमी वस्त्र दिले, हे लिहिताना मन विषण्ण होते. मात्र याच सोवळ्यात एक फट राहिली होती. लोकरीला विटाळ लागत नाही अशी श्रद्धा असल्यामुळे सोवळ्यासाठी धाबळी, म्हणजे जाडेभरडे लोकरी वस्त्र, चालत असे. ती अंगाला टोचे, तिला सौंदर्य म्हणून काही नसे. तरी हिवाळ्याच्या पहाटे कमरेपासून खाली ऊब देणारे, आणि वृद्ध स्त्रीने उजळ माथ्याने नेसावे असे, तिच्या वाट्याचे वस्त्र हेच. धर्मशुद्धीच्या निमित्ताने का होईना, पण जुन्या पिढ्यांतील कित्येक म्हाताऱ्यांच्या पायांना लोकर लाभली ती या धाबळीमुळे.

शिवलेल्या पायवस्त्राचा ओघ आपल्याकडे निराळ्या वाटेने आला. तुमान, विजार, सुरवार, चुडीदार हे सारे इराणी-तुर्की आणि मोगली अमलाबरोबर दक्षिणेत रुजले. अहमदनगर-विजापूरच्या चित्रांतून दरबारी स्त्रीपुरुषांच्या पायांत तंग पायजमे दिसतात, आणि पुढे मराठ्यांच्या राज्यातही सरदार-मुत्सद्द्यांच्या पोशाखात अंगरख्याखाली चुडीदार किंवा तुमान हा शिरस्ताच होऊन बसला. जामदारखान्यातून मानाची वस्त्रे देताना पुरुषाला शिवलेले आणि स्त्रीला लुगडे, अशी विभागणी हिंदू घराण्यांतून बहुतांशी पाळली गेली. तिला अपवाद झाला तो संग्रामाच्या प्रसंगी. झाशीच्या लक्ष्मीबाईंना प्रत्यक्ष पाहिलेल्या विष्णुभट गोडसे यांनी आपल्या प्रवासवृत्तात, जे १९०७ साली छापले गेले, बाईसाहेब कधी कधी पुरुषी वेषात, पायजमा आणि अंगरखा घालून दरबारात बसत असे नमूद करून ठेवले आहे. आणि त्या वर्णनात त्या भिक्षुक गृहस्थाच्या लेखणीला कोठेही नापसंतीचा डाग नाही, हे मला फार बोलके वाटते.

चुडीदाराची करामत त्याच्या कापणीत आहे. कापड सरळ न कापता उरेब कापले, म्हणजे ताण्याबाण्याला तिरके धरून कापले, की विणलेल्या सुती कापडासही थोडा ताण घेण्याचा गुण येतो. पायाच्या लांबीहून अधिक ठेवलेली लांबी घोट्याशी चुड्यांसारखी जमते, आणि गुडघा वाकला म्हणजे त्या चुड्यांतून कापड वर सरकून वाकण्याला जागा देते. रबर नव्हते, ताणणारा धागा नव्हता, त्या काळी शिंप्यांनी केवळ कात्रीच्या दिशेने साधलेली ही लवचिकता होती. हिमालयाच्या उतारावर, जेथे थंडी चैनीचा विषय नसून जिवाचा प्रश्न आहे, तेथे डोग्रा आणि पहाडी स्त्रियांनी पोटरीवर चुड्या पडणारी सुथण आपलीशी केली, आणि तेथील वृद्धा ती तितक्याच सहजपणे घालीत आल्या. हिवाळा खरा असेल तेथे वयाचा विचार मागे पडतो.

मराठी स्त्रीच्या बाबतीत हा हिवाळा प्रथम खरा झाला तो परदेशात. १८८३ साली अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी वैद्यकीच्या शिक्षणासाठी अमेरिकेस गेल्या. देशी वेष आणि देशी आहार सोडणार नाही असा त्यांचा निश्चय होता, आणि तो त्यांनी पाळलाही. परंतु न्यू जर्सी आणि फिलाडेल्फियाच्या बर्फात नऊवारी लुगड्याने पोटऱ्या उघड्या राहतात, ही अडचण कोणत्याही निश्चयाने सुटणारी नव्हती. त्यांनी तोडगा काढला तो असा, की लुगडे सोडून गुजराती पद्धतीने साडी नेसावी, म्हणजे पाय घोट्यापर्यंत झाकले जातात आणि आत परकर घालता येतो. देशत्याग नाही, वेषत्याग नाही, केवळ नेसणीचा पालट. तरीही त्याचे समर्थन दूर हिंदुस्थानात असलेल्या पतीला पत्रातून करावे लागले. एका बुद्धिमान मुलीला, शरीरविज्ञानाचा अभ्यास करीत असताना, आपल्या पायांना थंडी वाजते हे सिद्ध करून द्यावे लागावे, यात त्या काळाचे सारे चित्र आले. १८८६ च्या मार्चमध्ये त्यांना पदवी मिळाली, आणि पुढच्याच फेब्रुवारीत पुण्यास क्षयाने त्यांचा अंत झाला. त्यांच्या चरित्रातील विद्येचा आणि मृत्यूचा भाग सर्वांच्या तोंडी आहे. वस्त्राचा हा भाग मात्र सहसा कोणी सांगत नाही.

जी गोल साडी आनंदीबाईंनी थंडीपासून रक्षणासाठी स्वीकारली, तीच पुढील अर्धशतकात शहरी मराठी स्त्रीची नित्याची नेसण झाली, पण ती ऊब हवी म्हणून नव्हे, तर सभ्यतेची खूण म्हणून. सत्येंद्रनाथ ठाकुरांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी यांनी मुंबईच्या वास्तव्यात पारशी स्त्रियांची धाटणी पाहून परकर-पोलक्यासह साडी नेसण्याची जी रीत बंगालात नेली, तीही याच प्रवाहातील. सहावारीने घोटे झाकले, परकराने एक थर वाढवला. परंतु कासोटा गेला, आणि त्याबरोबर पाऊल मोकळेपणी टाकण्याची सवयही पुष्कळ अंशी गेली. शिवाय गोल साडीच्या घेरात खालून वारा शिरतो, आणि हवा जागच्या जागी धरून ठेवल्यावाचून कोणतेही वस्त्र ऊब देत नाही. या अदलाबदलीत मराठी स्त्रीला तोटाच अधिक झाला असे माझे मत आहे.

तो भरून निघण्यास आरंभ झाला पंजाबी ड्रेसने. प्रथम महाविद्यालयीन मुलींनी तो घेतला आणि लग्नानंतर सोडला. मग नोकरदार स्त्रियांनी तो सोडला नाही. आणि शेवटी, चारधामच्या किंवा परदेशच्या प्रवासाच्या निमित्ताने, 'तेवढ्यापुरता' म्हणून सासूबाईंनीही तो घातला. प्रवासात जे चालते ते घरी का चालू नये, हा विचार एकदा मनात शिरल्यावर तो परत जात नाही. बसच्या पायऱ्या चढताना निऱ्या धराव्या लागत नाहीत, ही सोय गुडघे दुखणाऱ्या स्त्रीला कोणत्याही व्याख्यानापेक्षा लवकर पटली. चुडीदार मात्र वृद्धेला जाचक होता; त्याची अरुंद मोहरी टाचेवरून चढवताना वाकावे लागे, ओढावे लागे, आणि कित्येक घरांत पावलावर प्लॅस्टिकची पिशवी चढवून त्यावरून तो सरकवण्याची युक्ती प्रचलित होती.

लेगिंगने ही ओढाताण संपवली. तिचे मूळ दोन शोधांत आहे. इंग्लंडातील विल्यम ली याने १५८९ च्या सुमारास मोजे विणण्याचे यंत्र रचले, आणि फासात फास गुंतवून होणारी, मुळातच ताण सोसणारी होजिअरीची वीण हातांतून यंत्रात गेली; आणि १९५८ साली अमेरिकेत, ड्यू पाँ कंपनीत, जोसेफ शिव्हर्स या रसायनज्ञाने स्वतःच्या लांबीच्या पाचपट ताणून पुन्हा पूर्ववत होणारा धागा सिद्ध केला, जो लायक्रा या नावाने बाजारात आला. सुती विणीत या धाग्याचे शेकडा चार-पाच भाग मिसळले, की उरेब कापणीने जे थोडे साधत होते ते पुरेपूर साधते. तिरुपूरच्या कारखान्यांतून अशी वस्त्रे गावोगावच्या आठवडी बाजारापर्यंत पोचली, आणि चुडीदाराची जागा लेगिंगने इतक्या अल्पकाळात घेतली की शिंप्यांच्या एका पिढीला उरेब कापणीचा सरावच राहिला नाही, याची मला थोडी हळहळ वाटते.

आता शोभेचा प्रश्न. लेगिंग वृद्धेला शोभते, परंतु ती मापाची असावी लागते, आणि तिच्यावरचा कुर्ता गुडघ्याच्या जरा खाली उतरणारा, खांद्यात नीट बसणारा, अंगासरसा पण आवळ न होणारा असावा लागतो. गर्द रंग, जांभळा, गडद हिरवा, काळसर तांबडा, हे इरकलीने शेकडो वर्षे मराठी कांतीवर पारखून दिलेले रंग आहेत; तेच लेगिंगलाही घ्यावेत, त्यावर खणाचे किंवा लोकरीचे जाकीट घालावे, म्हणजे पौषातील सकाळी सत्तरीची बाई रुबाबदार दिसते, आणि तिने तसे दिसावेही. ऊब हवी तर आतून लव असलेली लेगिंग घ्यावी, किंवा पातळ सुती लेगिंगवर सैल सलवार चढवावी. दोन पातळ थरांमध्ये कोंडलेली हवा एका जाड थराहून अधिक ऊब देते. फार घट्ट मात्र घेऊ नये. पोटरीवर वळ उठत असेल, मुंग्या येत असतील, तर ते वस्त्र त्या देहासाठी नाही. मधुमेह किंवा फुगलेल्या शिरा असलेल्या स्त्रीने याबाबत वैद्याचा सल्ला घ्यावा. पावलापर्यंत झाकणारी जात घेतली, तर गुळगुळीत फरशीवर ती घसरते, म्हणून घोट्याशी संपणारी घ्यावी आणि खाली रबरी तळव्याचे मोजे घालावेत.

माझी खरी तक्रार आहे ती दुकानदारांशी आणि कारखानदारांशी. आज बाजारात मिळणारी लेगिंग बहुतांशी वीस वर्षांच्या देहाच्या मापाने कापलेली असते. कंबर खाली, इलॅस्टिक अरुंद आणि करकचून बसणारे, मोहरी बारीक. बाळंतपणे आणि शस्त्रक्रिया सोसलेल्या पोटावर ते इलॅस्टिक रुतते, म्हणून कित्येक स्त्रिया ते घरी उसवून जुन्या पद्धतीने नाडी ओवतात. कंबर बेंबीच्या वर नेणारी, रुंद आणि मऊ पट्ट्याची, संधिवाताच्या बोटांना ओढता येईल अशा सैल मोहरीची, गुडघ्याशी किंचित ढील दिलेली, आतून लव असलेली सुती लेगिंग वयस्क स्त्रियांसाठी म्हणून वेगळ्या मापांत काढणे अशक्य नाही. तिला गिऱ्हाईक नाशिकात आहे, नागपुरात आहे, आणि लेकाकडे किंवा लेकीकडे राहण्यासाठी दिल्लीस, टोरांटोस गेलेल्या शेकडो आजींच्या रूपाने परमुलखातही आहे.